एकाच ओएसचे सिक्युरिटी स्ट्रक्चर वेगवेगळ्या प्रोसेसरवर हाताळताना: नवीन लोकांसाठी पायरी-पायरीने

एसीएल (कुणाला काय करता येईल याची यादी), एसआयडी (विंडोजमधली युजर किंवा ग्रुपची ओळख), कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांचे सुटे तुकडे), सेककॉम्पचे फिल्टर (प्रोसेसला कुठले सिस्टीम कॉल करता येतील ते ठरवणारे), सिक्युरिटी डिस्क्रिप्टर (विंडोजमध्ये एखाद्या वस्तूचा मालक आणि परवानग्या सांगणारं स्ट्रक्चर) असल्या गोष्टी वाचणारा किंवा लिहिणारा कोड तुमच्याकडे आलाय, तो आजपर्यंत एक्स८६ वर नीट चालत होता आणि आता तोच आर्म किंवा रिस्क-फाइव्ह किंवा एखाद्या बिग एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर चालवायचाय, तर हे तुमच्यासाठी आहे. सी येते, पॉइंटर कळतात एवढं धरून चालतो. बाकी लागेल ते वाटेत सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मेमरीतला स्ट्रक्ट आणि डिस्कवरचे (किंवा नेटवर्कवरचे) बाइट्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच प्रोसेसरवर काम करताना दोन्ही सारखेच दिसतात आणि त्यामुळे लोकं सरळ स्ट्रक्टचा पॉइंटर बफरवर टाकून वाचतात, आणि ते चालतं सुद्धा, म्हणून तर सवय लागते. साध्या प्रोग्रॅममध्ये हे फसलं तर आकडा चुकीचा छापला जातो, पण इथं फसलं तर चुकीच्या माणसाला चुकीची परवानगी मिळते आणि प्रोग्रॅम काही क्रॅश होत नाही, शांतपणे चालू राहतो.

हाताशी काय काय ठेवायचं

- लिनक्सचं मशीन, त्यावर जीसीसी किंवा क्लँग, आणि ज्या प्रोसेसरसाठी काम करायचंय त्याचा क्रॉस कंपायलर
- क्यूईएमयू, त्यातला युजर मोड पण हवा (पूर्ण मशीन बूट न करता दुसऱ्या आर्किटेक्चरचा एकच प्रोग्रॅम चालवता येतो)
- पाहोल नावाचं टूल, ते स्ट्रक्टमध्ये कुठल्या बाइटवर काय आहे आणि मध्ये भोकं कुठं आहेत ते दाखवतं
- हेक्सडंप किंवा एक्सएक्सडी (बाइट हेक्समध्ये दाखवतात), आणि लिनक्ससाठी सेटकॅप, गेटकॅप (फाइलच्या कॅपॅबिलिटी लावायला आणि वाचायला), गेटएफॅटर (फाइलचे एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट बघायला)
- कागदपत्रं: लिनक्सचे युजर स्पेससाठीचे हेडर (कॅपॅबिलिटी आणि सेककॉम्पचे), विंडोजच्या स्ट्रक्चरसाठी मायक्रोसॉफ्टचा एमएस-डीटाइप हा खुला दस्तऐवज, आणि तुमच्या प्रोसेसरचा एबीआय दस्तऐवज (कंपाइल झालेल्या कोडमध्ये आकार, अलाइनमेंट वगैरे कसे असावेत याचे नियम)

एमएस-डीटाइप जरूर वाचा, कारण विंडोजचे हेडर मेमरीतला आकार सांगतात आणि हा दस्तऐवज बाइट्सचा क्रम सांगतो, नवीन माणसाचा गोंधळ नेमका तिथेच होतो.

पायरी १: कुठलं स्ट्रक्चर कुठं राहतं ते आधी लिहून काढा

कोड उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक स्ट्रक्चरसमोर तीनपैकी एक गोष्ट लिहा.

पहिला प्रकार, फक्त कर्नलच्या मेमरीत राहणारे. उदाहरणार्थ लिनक्सचा क्रेड स्ट्रक्ट, ज्यात प्रोसेसचे यूआयडी, जीआयडी (युजर आणि ग्रुपचे नंबर) आणि कॅपॅबिलिटी असतात. याचा आकार कर्नलला हवा तसा बदलता येतो, कुणाला सांगावं लागत नाही. दुसरा प्रकार, कर्नल आणि युजर स्पेस यांच्या सीमेवरून जाणारे, म्हणजे सिस्टीम कॉल आणि आयओसीटीएलचे (ड्रायव्हरशी बोलायचा कॉल) स्ट्रक्ट. इथं ६४ बिटचा कर्नल आणि ३२ बिटचा प्रोग्रॅम एकमेकांशी बोलू शकतात, ही गोष्ट कायम विसरली जाते. तिसरा प्रकार, डिस्कवर किंवा वायरवर जाणारे: फाइलच्या एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमधल्या (फाइलसोबत साठवलेली जादा माहिती) कॅपॅबिलिटी आणि पोसिक्स एसीएल, एनटीएफएसवरचे (विंडोजची फाइल सिस्टीम) सिक्युरिटी डिस्क्रिप्टर, एसई-लिनक्सची (लिनक्समधली सक्तीच्या नियमांची सिक्युरिटी व्यवस्था) कंपाइल केलेली पॉलिसी फाइल.

हा फरक किती खरा आहे ते बघा. लिनक्सच्या ६.३ आवृत्तीत कर्नलने कॅपॅबिलिटीचा संच दोन ३२ बिटच्या तुकड्यांऐवजी मेमरीत सरळ एका ६४ बिटच्या आकड्यात ठेवायला सुरुवात केली. डिस्कवरचा फॉरमॅट मात्र आहे तसाच राहिला, तिथं अजून दोन तुकडेच आहेत आणि तेही परवानगी-वारसा, परवानगी-वारसा (पर्मिटेड आणि इनहेरिटेबल) असे आलटून पालटून. कुणी ८ बाइट उचलून ६४ बिटमध्ये टाकले तर अर्धी परवानगी आणि अर्धा वारसा अशी खिचडी होईल.

पायरी २: आकार गृहीत धरू नका, कंपायलरकडून कबूल करून घ्या

६४ बिटच्या लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, ६४ बिटच्या विंडोजवर तोच ४ बाइटचा. डब्ल्यूचार विंडोजवर २ बाइट आणि लिनक्सवर ४. त्यामुळे सीमा ओलांडणाऱ्या कुठल्याही स्ट्रक्टमध्ये लाँग, साइझ-टी, इनम, बूल यातलं काहीही नको, फक्त ठरलेल्या रुंदीचे प्रकार, म्हणजे ८, १६, ३२, ६४ बिटचे पूर्णांक.

पण एवढ्याने भागत नाही. ३२ बिटचा एक आकडा आणि मग ६४ बिटचा एक आकडा असा साधा स्ट्रक्ट घ्या, दोन्ही ठरलेल्या रुंदीचे. लिनक्सवर ३२ बिटच्या एक्स८६ ला तो १२ बाइटचा होतो आणि एक्स८६-६४ ला १६ बाइटचा, कारण जुन्या एबीआयमध्ये स्ट्रक्टच्या आतला ६४ बिटचा आकडा ४ च्या सीमेवर बसलेला चालतो. आणि गंमत अशी की ३२ बिटच्या आर्मवर तो १६ चाच होतो. म्हणजे "३२ बिट विरुद्ध ६४ बिट" एवढाच विचार करून चालत नाही. उपाय सोपा आहे, मोठे आकडे आधी लावा, किंवा मधली जागा राखीव फील्ड म्हणून स्वतः हाताने लिहा आणि ते शून्य आहे का ते कर्नलमध्ये तपासा, शून्य नसेल तर विनंती नाकारा.

पॉइंटर सीमेपलीकडे पाठवायचाच असेल तर तो ६४ बिटच्या पूर्णांकात टाकून पाठवा, म्हणजे ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठी पण तोच स्ट्रक्ट चालतो. आणि पॉइंटरच्या वरच्या बिटांत स्वतःचे झेंडे लपवू नका, आर्मवर पॉइंटर ऑथेंटिकेशन (पॉइंटर कुणी बदलला नाही ना ते तपासायची सोय) तिथेच सही ठेवतं, आणि चेरीसारख्या (पॉइंटरसोबतच त्याची हद्द आणि परवानगी ठेवणाऱ्या) डिझाइनमध्ये तर पॉइंटरच १२८ बिटचा असतो.

अजून एक सापळा, कॅर. एक्स८६ वर साधा कॅर साइन्ड असतो, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. एसीईचा (एसीएलमधली एक नोंद) प्रकार किंवा लांबी कॅरमध्ये वाचली आणि "शून्यापेक्षा कमी असेल तर एरर" अशी तपासणी लिहिली, तर आर्मवर ती तपासणी कधीच लागू होणार नाही. लिनक्स कर्नलने ६.२ पासून सगळीकडे अनसाइन्ड कॅर धरायचं ठरवलं, तुमच्या कोडमध्ये मात्र तुम्हालाच स्पष्ट लिहावं लागेल.

हे सगळं झालं की प्रत्येक स्ट्रक्टखाली स्टॅटिक असर्ट टाका: एकूण साइझ इतकी, अमुक फील्डचा ऑफसेट इतका. मग चुकीच्या आर्किटेक्चरवर कोड कंपाइलच होणार नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

पायरी ३: बाइटचा क्रम, इथं थांबून नीट समजून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. नुसतं "एंडियनचा घोळ होतो" असं सांगून कुणालाच भीती वाटत नाही, म्हणून एक खरं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो, तुम्ही पण करून बघा.

लिनक्सवर एखाद्या फाइलला सेटकॅपने कॅप-नेट-रॉ द्या, परवानगी आणि इफेक्टिव्ह (प्रत्यक्ष लागू असलेली) दोन्ही. मग गेटएफॅटरने सिक्युरिटी-डॉट-कॅपॅबिलिटी हे अ‍ॅट्रिब्यूट हेक्समध्ये बघा. २० बाइट दिसतील, त्यातले पहिले ८ असे: ०१ ०० ०० ०२ आणि ०० २० ०० ००, बाकी सगळे शून्य.

हे लिटल एंडियन आहे (लहान बाइट आधी) आणि कुठल्याही प्रोसेसरवर लिटल एंडियनच असतं, तसं ठरलेलंच आहे. पहिले चार उलटे वाचा: वरचा बाइट ०२, म्हणजे फॉरमॅटची दुसरी आवृत्ती, आणि खालचा बिट १, म्हणजे इफेक्टिव्हचा झेंडा लागलेला. पुढचे चार उलटे वाचले की हेक्समध्ये २००० येतं, म्हणजे १३वा बिट, आणि कॅप-नेट-रॉचा नंबर १३ च आहे. बरोबर.

आता हेच बाइट बिग एंडियन मशीनवर, समजा एस३९०एक्स (आयबीएमचा मेनफ्रेम) वर, कुणी सरळ ३२ बिटचा आकडा म्हणून वाचले. पहिल्या चारांतून वरचा बाइट ०१ येतो, म्हणजे "पहिली आवृत्ती" असं दिसतं, आणि ती आवृत्ती सुद्धा खरंच अस्तित्वात आहे, त्यामुळे आवृत्तीची तपासणी पास! पुढच्या चारांचं होतं हेक्समध्ये २०००००, म्हणजे २१वा बिट. आणि २१ नंबरची कॅपॅबिलिटी कुठली? कॅप-सिस-अ‍ॅडमिन. लिनक्समध्ये जवळपास रूट म्हणावी अशी. नुसते रॉ पॅकेट पाठवायची परवानगी दिली होती आणि वाचणाऱ्याला दिसली फाइल सिस्टीम माउंट करायची. इफेक्टिव्हचा झेंडा गळून पडतो हे खरं, पण परवानगीच्या संचात जे असतं ते प्रोग्रॅम स्वतःहून चालू करू शकतो.

यात वाचवणारी एकच गोष्ट आहे, लांबी. पहिल्या आवृत्तीचा आकार १२ बाइट, दुसरीचा २०, तिसरीचा २४ (तिसरीत युजर नेमस्पेसच्या (कंटेनरसारखा वेगळा कप्पा) रूटचा यूआयडी जास्तीचा असतो). आवृत्ती आणि लांबी दोन्ही एकमेकांशी जुळल्या पाहिजेत ही तपासणी असेल तर वरचा प्रकार तिथेच अडतो. म्हणून "किमान १२ बाइट आहेत ना" अशी सैल तपासणी कधीच करू नका, नेमकी लांबी जुळवा.

वाचायची पद्धत अशी: बाइट बाइट घ्या, पहिला तसाच, दुसरा ८ ने डावीकडे सरकवून, तिसरा १६ ने, चौथा २४ ने, आणि सगळे ऑर करा. सरकवायच्या आधी प्रत्येक बाइट ३२ बिट अनसाइन्डमध्ये घ्या. हा कोड कुठल्याही मशीनवर एकच उत्तर देतो, "मी कुठल्या एंडियनवर आहे" हे विचारायची गरजच उरत नाही, आणि आजचे कंपायलर लिटल एंडियनवर त्याची एकच लोड सूचना करून टाकतात म्हणून वेगाची काळजी नको. लिनक्स कर्नलच्या आत असाल तर एलई३२-टू-सीपीयू वापरा आणि फील्डचा प्रकार एलई३२ ठेवा, म्हणजे स्पार्स हे टूल चुकून झालेली सरमिसळ पकडतं.

विंडोजचा एसआयडी याहून चकवणारा आहे, कारण एकाच स्ट्रक्चरमध्ये दोन्ही क्रम आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपचा एसआयडी, एस-१-५-३२-५४४, बाइटमध्ये असा दिसतो: ०१ ०२, मग ०० ०० ०० ०० ०० ०५, मग २० ०० ०० ००, मग २० ०२ ०० ००. पहिला बाइट आवृत्ती, दुसरा उप-ऑथॉरिटींची संख्या, मग ६ बाइटची ऑथॉरिटी बिग एंडियन (५ शेवटी आलाय बघा), आणि मग ३२ व ५४४ लिटल एंडियन. "पूर्ण स्ट्रक्चर स्वॅप करा" असं एखादं फंक्शन लिहायला गेलात तर इथं नक्की फसाल. आणि हे फक्त विंडोजवाल्यांपुरतं नाही, सांबा (लिनक्ससारख्या मशीनवरून विंडोजचं फाइल शेअरिंग देणारं) किंवा एनटीएफएसची डिस्क इमेज तपासणारी टूल्स बिग एंडियनवर पण चालतात.

बिटफील्ड वापरून झेंडे वाचायचा मोह होतो, तो टाळा. त्यांचा क्रम सी भाषेने ठरवलेलाच नाही, कंपायलर आणि एबीआयवर सोडलाय. मास्क वापरा.

पायरी ४: डिस्कवर पॉइंटर नाही, ऑफसेट

विंडोजचा सिक्युरिटी डिस्क्रिप्टर दोन रूपांत असतो. अ‍ॅब्सोल्यूट रूपात मालक, ग्रुप, एसएसीएल (कशाची नोंद ठेवायची त्याची यादी) आणि डीएसीएल (कुणाला प्रवेश आहे त्याची यादी) यांचे चार पॉइंटर असतात, सेल्फ-रिलेटिव्ह रूपात त्याच जागी चार ३२ बिटचे ऑफसेट, सुरुवातीपासून मोजलेले. सेल्फ-रिलेटिव्हचं हेडर सगळीकडे २० बाइट. अ‍ॅब्सोल्यूटचं ३२ बिटवर २० आणि ६४ बिटवर ४० (४ बाइट माहिती, ४ बाइट पॅडिंग, चार पॉइंटर ८-८ बाइटचे). ३२ बिटवर दोन्ही २० येतात ना, तोच घात आहे, जुना कोड तिथल्या तिथे ऑफसेटवर पॉइंटर लिहून रूपांतर करायचा आणि ते बसायचं. ६४ बिटवर तेच केलं तर हेडर पुढच्या एसआयडीवर जाऊन बसतं. त्यामुळे रूपांतर नेहमी वेगळ्या बफरमध्ये करा, आधी किती जागा लागेल ते विचारा, मग वाटप, मग दुसऱ्यांदा कॉल.

कुठलं रूप आहे ते कंट्रोल फील्डचा सगळ्यात वरचा बिट सांगतो, तो १ म्हणजे सेल्फ-रिलेटिव्ह. पण बाहेरून आलेल्या डेटामधला हा बिट ० असेल तर "मग अ‍ॅब्सोल्यूट असेल" असं समजून पॉइंटर मागे धावू नका, सरळ नाकारा.

प्रत्येक ऑफसेट वापरायच्या आधी एवढं तपासा:

- ऑफसेट हेडरच्या पुढे आहे आणि ४ ने भाग जातो
- ऑफसेट अधिक किमान आकार एकूण लांबीत बसतो, आणि ही तपासणी बेरजेऐवजी वजाबाकीने लिहा, ३२ बिटवर बेरीज ओसंडून परत शून्याकडे येते
- एसआयडीमधली उप-ऑथॉरिटींची संख्या १५ च्या आत आहे (म्हणजे एसआयडी जास्तीत जास्त ६८ बाइट)
- प्रत्येक एसीईचा आकार एसीएलच्या उरलेल्या जागेत बसतो आणि शून्य नाही, नाहीतर लूप संपतच नाही

आणि एक अर्थाचा सापळा. डीएसीएल आहे पण रिकामी, याचा अर्थ कुणालाच प्रवेश नाही. डीएसीएल नल, याचा अर्थ सगळ्यांना सगळं. सेल्फ-रिलेटिव्हमध्ये ऑफसेट शून्य म्हणजे नल. तुमच्या पार्सरने खराब ऑफसेट दिसल्यावर "असू दे, शून्य धरू" असं केलं तर बिघडलेला डिस्क्रिप्टर उघडा दरवाजा होऊन बसतो. चूक दिसली की पूर्ण डिस्क्रिप्टर नाकारायचा, मधला मार्ग नाही.

पायरी ५: अलाइनमेंट आणि पॅडिंग

एक्स८६ विषम पत्त्यावरून ३२ बिटचा आकडा बिनतक्रार वाचतो, स्पार्कसारखे प्रोसेसर तिथेच फॉल्ट देतात आणि आर्मवर ते कुठली सूचना वापरली यावर अवलंबून असतं. पायरी ३ सारखं बाइट बाइट वाचलंत तर हा प्रश्नच येत नाही, नाहीतर मेमकॉपीने स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या. पॅक्ड अ‍ॅट्रिब्यूट (कंपायलरला मधली भोकं काढायला सांगणारं) लावून सुटका होते असं वाटतं, पण पॅक्ड स्ट्रक्टमधल्या फील्डचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेतला की कंपायलरला ते पॅक्ड होतं हे आठवत नाही.

पॅडिंगचं वेगळं. कर्नलने स्ट्रक्टचे सगळे फील्ड भरले आणि युजरकडे कॉपी केलं, तर मधल्या भोकांमध्ये स्टॅकवरचे जुने बाइट तसेच जातात, त्यात पत्ते असू शकतात, गुपितं असू शकतात. आणि भोकं आर्किटेक्चरप्रमाणे बदलतात, म्हणून एक्स८६ वर तपासून "गळती नाही" असं म्हणता येत नाही. आधी मेमसेट, मग फील्ड भरा. पाहोल प्रत्येक टार्गेटच्या बिल्डवर चालवा. आणि दोन टोकन किंवा दोन एसीई सारखे आहेत का ते मेमकंपेअरने पूर्ण स्ट्रक्टवर बघू नका, भोकांतल्या कचऱ्यामुळे सारखे पण वेगळे निघतील.

पायरी ६: नंबर आणि बिटांचा अर्थ प्रोसेसरप्रमाणे बदलतो

सेककॉम्पचा फिल्टर लिहिताना पहिली तपासणी आर्किटेक्चरची, मगच सिस्टीम कॉलच्या नंबरची. एक्स८६-६४ वर ११ म्हणजे एममुनमॅप (मेमरी परत देणारा कॉल), जो सगळेच मोकळा सोडतात. ३२ बिटच्या एक्स८६ वर ११ म्हणजे एक्झेकव्हीई (नवा प्रोग्रॅम चालवणारा कॉल). त्याच ६४ बिटच्या कर्नलवर प्रोसेसला ३२ बिटचा दरवाजा पण उघडा असू शकतो, त्यामुळे आर्क फील्ड न बघणारा फिल्टर एक्झेकव्हीई अडवल्याचं समाधान देतो आणि तो शेजारून निघून जातो. एक्स३२ नावाचा अजून एक प्रकार आहे, त्यात आर्क एक्स८६-६४ चंच दिसतं, फक्त नंबरचा ३०वा बिट लागलेला असतो, तोही अडवा. आर्म६४ वर तर ओपन हा कॉलच नाही, त्याच्या जागी ओपनअ‍ॅट आहे.

फिल्टर एका वेळी ३२ बिट वाचतो आणि आर्ग्युमेंट ६४ बिटचे असतात. पहिल्या आर्ग्युमेंटचा खालचा अर्धा भाग लिटल एंडियनवर ऑफसेट १६ ला आणि बिग एंडियनवर २० ला. दोन्ही अर्धे तपासा. खरं सांगायचं तर हाताने लिहूच नका, लिबसेककॉम्प ही लायब्ररी हे सगळं सांभाळते.

पेज टेबलचं (मेमरीच्या पानांचे पत्ते आणि परवानग्या ठेवणारा तक्ता) पण असंच. एक्स८६-६४ मध्ये ६३वा बिट १ असला की कोड चालवायला बंदी, रिस्क-फाइव्हमध्ये बिट ३ हा १ असला की परवानगी. म्हणजे "तो बिट शून्य" याचा अर्थ एकीकडे मोकळीक आणि दुसरीकडे बंदी. तुमच्या कोडच्या आत वाचणे-लिहिणे-चालवणे असे स्वतःचे तीन झेंडे ठेवा आणि हार्डवेअरचे बिट फक्त अगदी शेवटी, आर्किटेक्चरच्या फाइलमध्ये बनवा.

पायरी ७: एकाच वेळी वाचणारे आणि बदलणारे

नवीन एसीएल तयार केली, भरली, आणि ग्लोबल पॉइंटर तिच्याकडे वळवला. एक्स८६ प्रोसेसर एका कोअरची लिखाणं दुसऱ्याला त्याच क्रमाने दाखवतो. आर्म तशी हमी देत नाही, दुसऱ्या कोअरला नवा पॉइंटर आधी दिसू शकतो आणि आतलं भरलेलं नंतर, मग तो अर्धवट एसीएलवर निर्णय घेतो. म्हणून पॉइंटर लावताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर (आधीची लिखाणं आधीच दिसतील अशी हमी देणाऱ्या सूचना), कर्नलमध्ये आरसीयूचे (वाचणाऱ्यांना न अडवता बदल करायची पद्धत) असाइन आणि डीरेफरन्स. चालू असलेलं स्ट्रक्चर जागेवर बदलू नका, लिनक्स क्रेडचं करतं तसं करा: कॉपी घ्या, कॉपी बदला, एका झटक्यात लावा, जुनं कुणी वाचत नाही हे कळलं की सोडा.

पायरी ८: टेस्ट

चार टार्गेट पुरतात: एक्स८६-६४, ३२ बिटचा एक्स८६, ३२ बिटचा आर्म, आणि बिग एंडियनसाठी एस३९०एक्स. पहिल्या तिघांत साइझ, अलाइनमेंट आणि कॅर पकडले जातात, चौथ्यात क्रम. क्यूईएमयूच्या युजर मोडमध्ये एस३९०एक्सची बायनरी साध्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे हार्डवेअर नाही ही अडचण धरू नका. पायरी ७ मात्र यात पकडली जात नाही, एक्स८६ वर चालणारं क्यूईएमयू आर्मची सगळी उलथापालथ दाखवत नाही, त्यासाठी खरं बहु-कोअर आर्म मशीनच हवं.

टेस्टचा डेटा त्याच कोडने तयार करून त्याच कोडने वाचू नका, लिहिताना आणि वाचताना एकच चूक असेल तर दोन्ही मिळून पास होतात. वरचे कॅप-नेट-रॉचे २० बाइट आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचे १६ बाइट जसेच्या तसे टेस्टमध्ये टाका आणि चारही टार्गेटवर उत्तर १३ आणि ५४४ च येतंय ना ते बघा. मग त्याच बाइट्सची लांबी एकेकाने कमी करत शून्यापर्यंत न्या, प्रत्येक वेळी नकार आला पाहिजे. हे सगळं सॅनिटायझर (चालताना चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवा, पत्त्याचा आणि अलाइनमेंटचा दोन्ही, आणि पार्सरला फझर (मुद्दाम विस्कटलेलं इनपुट टाकत राहणारं टूल) जोडून रात्रभर सोडा, ३२ बिटच्या बिल्डवर पण, कारण बेरीज ओसंडण्याचे प्रकार तिथेच वर येतात.